नोंद नसलेला निर्णय

राजीनामा ही गोष्ट आपल्याकडे फार स्वस्त झाली आहे. खिशात ठेवलेले राजीनामे, तोंडावर फेकलेले राजीनामे, सकाळी दिलेले आणि दिवेलागणीला मागे घेतलेले राजीनामे असे त्याचे नाना प्रकार आपण वर्तमानपत्रांतून वाचत असतो. त्यामुळे एखाद्या मंत्र्याने खरोखरच राजीनामा दिला, तो देताना कारणे नीट मांडली आणि पुन्हा त्या खुर्चीकडे वळूनही पाहिले नाही, असे सांगितले तर घरातल्या तरुण मुलांना ती पुराणातली कथा वाटते. पण असे घडले आहे. २५ जुलै १९५६ या दिवशी लोकसभेत भारताचा अर्थमंत्री उभा राहिला आणि आपण मंत्रिमंडळातून का बाहेर पडलो हे त्याने सभागृहाला सांगितले. हा माणूस आपल्या कुलाबा जिल्ह्यातला. चिंतामण द्वारकानाथ देशमुख. दिल्लीत त्यांना सगळे सी. डी. म्हणत, महाराष्ट्राने त्यांना चिंतामणराव म्हटले.

चिंतामणरावांचा राजीनामा महाराष्ट्राच्या चांगला लक्षात आहे, पण तो अर्धाच. मुंबईसाठी त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले, एवढे आपण अभिमानाने सांगतो. सह्याद्री हिमालयासाठी झिजतो, अशा वाक्यांच्या ओळीत तो राजीनामाही बसवून टाकतो. त्या निवेदनाचा दुसरा भाग मात्र आपण विसरलो. चिंतामणरावांची तक्रार केवळ मुंबई महाराष्ट्राला मिळाली नाही एवढीच नव्हती. तो निर्णय ज्या रीतीने झाला, त्या रीतीला त्यांचा आक्षेप होता. देशाचे मंत्रिमंडळ निर्णय घेते म्हणजे नेमके काय करते, हा प्रश्न त्यांनी त्या दिवशी विचारला. माझे सारे नोकरीचे आयुष्य बँकेत, कागदाला कागद जोडण्यात गेले. म्हणून असेल, पण मला हा विसरलेला भाग अधिक मोलाचा वाटतो.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, रायगड किल्ल्याच्या परिसरातल्या नाते या गावचा. घराणे रोह्याचे, वडील वकील. १९१२ साली ते मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. ती शिष्यवृत्ती म्हणजे त्या काळी घराण्याची पुढची दोन पिढ्यांची कीर्ती. पुढे ते केंब्रिजला जीझस कॉलेजात गेले आणि तिथे वनस्पतिशास्त्र, रसायन, भूगर्भशास्त्र असे विषय घेऊन चमकले. १९१८ साली लंडनला झालेल्या आय. सी. एस. परीक्षेतही पहिला क्रमांक. संस्कृत आणि वनस्पतिशास्त्र या दोन गोष्टींनी त्यांची आयुष्यभर सोबत केली. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठी पद्यात आणले आणि स्वतः संस्कृतात कविताही केल्या.

मध्य प्रांत व वऱ्हाडात त्यांनी जवळजवळ वीस वर्षे काढली. महसूल आणि अर्थ या खात्यांतले काम त्यांनी तिथे तळापासून पाहिले. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या चिटणीस मंडळातही ते होते. १९३९ साली रिझर्व्ह बँकेत आले, १९४१ अखेर डेप्युटी गव्हर्नर झाले आणि सर जेम्स टेलर यांच्या निधनानंतर ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. राजा सहाव्या जॉर्जचे चित्र असलेल्या त्या काळच्या नोटांवर सही मात्र रोह्याच्या देशमुखांची असे. आमच्या घरी आजोबांच्या पेटीत अशी एक जीर्ण नोट होती. मी बँकेत लागलो तेव्हा आईने ती मला मुद्दाम काढून दाखवली होती. वळणदार, घाई नसलेली सही. नोटेवरची सही म्हणजे वचन असते, आणि वचन देणाऱ्याला घाई करून चालत नाही, हे मला पुढे नोकरीत कळले.

ब्रेटन वूड्सची १९४४ ची परिषद, युद्धात ब्रिटनकडे साचलेले भारताचे स्टर्लिंगचे येणे, फाळणीच्या वेळी झालेली बँकेच्या मालमत्तेची वाटणी, १ जानेवारी १९४९ रोजी झालेले रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण, या सगळ्यांतून त्यांनी बँक सांभाळून नेली. फाळणीनंतर काही महिने तर ही एकच बँक दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. दोन भाऊ वेगळे झाले, पण किल्ल्या काही दिवस एकाच माणसाकडे ठेवल्या, असा तो प्रकार. दोघांचाही विश्वास लागणारे असे काम चोख हिशेब आणि चोख नोंद यांवाचून होत नाही.

१९५० साली नियोजन आयोग स्थापन झाला आणि चिंतामणराव त्याचे सदस्य झाले. त्याच वर्षी जॉन मथाई यांनी अर्थमंत्रिपद सोडले आणि चिंतामणराव अर्थमंत्री झाले. यातला योगायोग पाहण्यासारखा आहे. मथाईंच्या राजीनाम्याच्या कारणांत नियोजन आयोग हे एक मोठे कारण होते. आयोग हळूहळू दुसरे मंत्रिमंडळच होऊन बसेल आणि खरे मंत्रिमंडळ नुसते नावाला उरेल, अशी त्यांना भीती वाटत होती. म्हणजे मंत्रिमंडळाचा अधिकार दुसरीकडे झिरपतो आहे म्हणून एक अर्थमंत्री गेला आणि ज्या आयोगाकडे तो झिरपतो आहे असे त्याला वाटत होते, त्याच आयोगाचा सदस्य त्याच्या जागी आला. सहा वर्षांनी त्यानेही जवळजवळ त्याच मुद्द्यावर खुर्ची सोडली. स्वतंत्र भारताचे पहिले चारही अर्थमंत्री, म्हणजे षण्मुखम चेट्टी, मथाई, देशमुख आणि टी. टी. कृष्णम्माचारी, राजीनामा देऊनच गेले, हेही जाता जाता सांगितले पाहिजे.

आता मंत्रिमंडळ चालते कसे, ते थोडे समजून घेऊ. त्यावाचून पुढची गोष्ट कळायची नाही.

आपण मंत्रिमंडळ हा शब्द ढिलेपणाने वापरतो. सगळे मंत्री, राज्यमंत्री, उपमंत्री मिळून होते ती मंत्रिपरिषद. तिच्यातल्या मोजक्या ज्येष्ठांचे मंडळ म्हणजे कॅबिनेट, म्हणजेच खरे मंत्रिमंडळ. देशाचा कारभार राष्ट्रपतींच्या नावाने चालतो, पण राष्ट्रपती चालतात ते मंत्रिपरिषदेच्या सल्ल्याने. आणि ही मंत्रिपरिषद राज्यघटनेच्या ७५ व्या अनुच्छेदानुसार लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. या सामुदायिक जबाबदारीतच सगळे सार आहे. शेतीमंत्र्याने घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी संरक्षणमंत्र्यावरही येते. आत बसून हवे तेवढे भांडा. दार उघडून बाहेर आलात की सगळ्यांचा आवाज एक. ज्याला तो आवाज आपला म्हणवत नाही, त्याने बाहेर पडावे. मंत्र्याला तिसरी वाट नाही.

नियम कडक आहे, पण त्याला एक दुसरी बाजू आहे. निर्णयाची जबाबदारी माझ्या डोक्यावर येणार असेल, तर तो निर्णय होताना मला तिथे जागा हवी. एकत्र कुटुंबाचे उदाहरण घ्या. गावचा वाडा विकायचा आहे. थोरल्या दादांनी निर्णय घेतला तर धाकटे भाऊ एखादे वेळी मानतीलही. पण कागदावर चौघांच्याही सह्या लागणार असतील, तर निदान ओसरीवर बसून एकदा बोलणे झाले पाहिजे. आधी व्यवहार ठरला, गावभर झाला आणि मग धाकट्यांना तो वेशीवर कळला, तर वाड्याची किंमत बरोबर आली की चूक, हा प्रश्नच मागे पडतो.

यासाठीच मंत्रिमंडळाची एक कागदी वाट घालून दिलेली असते. ज्या खात्याचा विषय, ते खाते टिपण तयार करते. ज्या ज्या खात्यांचा संबंध येतो, त्यांचे मत घेतले जाते. पैशाचा प्रश्न असला तर अर्थखात्याला वगळून ते टिपण पुढे जातच नाही. मग ते मंत्रिमंडळ सचिवालयात पोहोचते, कार्यक्रमपत्रिकेवर येते आणि बैठकीपूर्वी मंत्र्यांच्या हाती पडते. बैठकीत चर्चा होते. बहुधा मतदान होत नाही. चर्चेचा कल पाहून पंतप्रधान निष्कर्ष सांगतात. मंत्रिमंडळ सचिव तो टिपून घेतात, ती नोंद खात्यांकडे जाते आणि मगच अंमलबजावणी सुरू होते. किरकोळ विषयांत बैठक न घेता कागद फिरवून संमती घेता येते. काही विषय मंत्रिमंडळाच्या छोट्या समित्यांकडे सोपवले जातात. पण समिती असो, कागद फिरवणे असो की पूर्ण बैठक असो, शेवटी कुठेतरी एक नोंद असते: अमुक दिवशी, अमुक लोकांनी, अमुक ठरवले.

बँकेत आमच्याकडेही याच धर्तीवर काम चाले. कर्ज मोठे असले तर खालून टिपण, मग समिती, मग संचालक मंडळ. निकड असली तर वरिष्ठ आधी मंजुरी देत आणि पुढच्या बैठकीत कार्योत्तर मंजुरी घेत. कार्योत्तर मंजुरी हा शब्द ऐकला की जुने अधिकारी एकमेकांकडे पाहून हसत, कारण ती कधी नाकारली जात नसे. पण तिच्यासाठीसुद्धा विषय बैठकीपुढे यावा लागे आणि इतिवृत्तात उतरावा लागे. ज्या कर्जाची इतिवृत्तात नोंदच नाही, त्याला ऑडिटर कर्ज म्हणत नाहीत. त्याचे नाव वेगळे असते.

चिंतामणरावांना ही वाट मंत्रिमंडळातल्या इतर कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक असणार. देशाचा जवळजवळ प्रत्येक खर्चाचा कागद अर्थमंत्र्याच्या टेबलावरून जातो. त्यांच्या कारकिर्दीत पहिली पंचवार्षिक योजना मार्गी लागली. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. नवा कंपनी कायदा आला. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम काढून आयुर्विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेतला आणि ते आकाशवाणीवरून देशाला सांगितले खुद्द चिंतामणरावांनी. त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. आज ज्यांच्या घरात एखादी विम्याची पावती आहे, त्यांच्या कपाटात चिंतामणरावांच्या कामाचा एक तुकडा आहे.

इथे कोणी विचारील, की विम्याचा निर्णय तरी त्यांनी कुठे चारचौघांत बोलून घेतला? अगदी शेवटपर्यंत मोजक्याच लोकांना त्याचा पत्ता होता. खरे आहे. अर्थसंकल्पाचेही तसेच. त्यातली करवाढ अर्थमंत्री सहकारी मंत्र्यांनाही जवळजवळ शेवटच्या घडीपर्यंत सांगत नाही, अशीच परंपरा आहे. पण हे गुपित सर्वांच्या संमतीने ठेवलेले असते. बाजारात कोणी नफा उपटू नये म्हणून ते राखायचे, हे सगळ्यांनाच मान्य असते. मुंबईचा प्रश्न तसा नव्हता. तो देशभर चव्हाट्यावर होता. तिथे गुप्ततेने वाचणार असे काहीच नव्हते.

मुंबईच्या प्रश्नाची हकिगत महाराष्ट्राला पाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या सप्टेंबरअखेर अहवाल दिला. त्यात भाषावार राज्यांची शिफारस होती, पण मुंबईसाठी द्विभाषिक राज्य सुचवले होते आणि विदर्भ वेगळा काढला होता. नंतर महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहर अशा तीन राज्यांची कल्पना निघाली. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित होईल असे जाहीर केले. मुंबई पेटली. गोळीबारात माणसे मेली. या साऱ्या लढ्यात शंभरावर हुतात्मे झाले. फ्लोरा फाउंटनजवळचा हुतात्मा चौक त्यांची आठवण ठेवून आहे. पुढे ३ जून रोजी मुंबईतल्या काँग्रेस महासमितीच्या अधिवेशनात नेहरूंनी सांगितले, की पाच वर्षे मुंबई केंद्राकडे राहील आणि त्यानंतर तिथल्या लोकांना आपला निर्णय घेता येईल.

चिंतामणराव १९५२ साली कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले होते. ते चळवळीतले पुढारी नव्हते. सभा गाजवणे, मोर्चा काढणे हा त्यांचा पिंडच नव्हता. पण जानेवारीच्या घोषणेनंतर त्यांनी राजीनामा देऊ केला. तेव्हा त्यांना थांबवण्यात आले आणि ते थांबले. २९ फेब्रुवारीला त्यांनी अर्थसंकल्प मांडला. विम्याचे काम पुढे नेले. या सहा महिन्यांबद्दल त्यांना टोमणे मारणारेही होते. जायचेच होते तर जानेवारीत का गेला नाहीत, असा तो सवाल. तो अगदीच गैरलागू नाही. पण अर्थसंकल्प महिन्यावर आला असताना आणि विम्याचा वटहुकूम नुकताच निघालेला असताना देशाची तिजोरी उघडी टाकून निघून जाणे हेही जबाबदारीचे म्हणता आले नसते. हातातले हिशेब पुरे करून, किल्ल्या मोजून देऊन जायचे, ही जुन्या माणसांची रीत होती. शिवाय मंत्रिमंडळाचा अंतिम निर्णय अजून बदलेल अशी आशाही असणार. जूनच्या घोषणेने ती संपली.

२५ जुलैच्या निवेदनात त्यांनी मुंबईतल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी ही मागणी नाकारली गेल्याचे शल्य बोलून दाखवले. महाराष्ट्राविषयी मनात आकस ठेवला जातो, असा आरोपही केला. तो भाग सर्वांच्या लक्षात राहिला. पण निवेदनातला सर्वांत धारदार भाग निर्णयाच्या पद्धतीबद्दलचा होता. मुंबईसंबंधीचा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे विचारासाठी आला नाही. कागद फिरवूनही संमती घेतली गेली नाही. या प्रश्नाशी ज्यांचा विशेष संबंध आहे अशा आपल्यासारख्या सहकाऱ्यालाही विचारले गेले नाही. समितीच्या बैठकीची नोंद नाही. आणि ज्याला निर्णय म्हणतात त्याचा अधिकृत मजकूर मंत्र्यांच्या हातात अजून आलेला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मंत्रिमंडळाच्या नावावर काही थोडे लोक, ज्यांना तसा अधिकार दिलेला नाही, निर्णय घेत आहेत आणि त्यांत स्वतः पंतप्रधानही आहेत, असे ते सभागृहात म्हणाले. ज्या नेहरूंनी १९५३ च्या जानेवारीत दुर्गाबाईंशी झालेल्या त्यांच्या विवाहाच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली होती, त्यांच्याविषयी हे बोलायचे होते. ते सोपे गेले नसणार.

ही यादी मी अनेकदा वाचली आहे. तिच्यात भावनेचा एक शब्द नाही. बैठक झाली का? कागद फिरला का? समितीची नोंद आहे का? मजकूर कुठे आहे? अनुभवी ऑडिटरने शाखेत येऊन एकामागून एक वह्या मागाव्यात, तसे ते प्रश्न आहेत.

नेहरूंनी नंतर सभागृहात उत्तर दिले, आणि न्यायाने पाहायचे तर त्या उत्तरालाही वजन होते. पंतप्रधान हा सरकारचा आधारखांब असतो. सरकारच्या धोरणाविषयी बोलण्याचा त्याला अधिकार आहे. राज्य पुनर्रचनेचा प्रश्न मंत्रिमंडळाच्या समितीकडे दीर्घकाळ होता, चर्चा सतत चालू होती, असा त्या उत्तराचा रोख होता. यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? बरोबरीच्यांतला पहिला हे पंतप्रधानाचे वर्णन पुस्तकात शोभते. प्रत्यक्षात तो मंत्री निवडतो, खाती देतो, काढून घेतो, बैठकीचा समारोप करतो. प्रत्येक वाक्य बोलण्यापूर्वी त्याने बैठक बोलवायची ठरवली तर राज्य चालायचेच नाही. पण पंतप्रधानाला बोलण्याचा अधिकार आहे हे मान्य केले, तरी निर्णय झाला होता का, हा चिंतामणरावांचा प्रश्न तसाच राहतो. बोलण्याचा अधिकार निर्णयाची जागा घेऊ शकत नाही. शाखेचा व्यवस्थापक बँकेच्या वतीने बोलतो, पण बोलला म्हणून कर्ज मंजूर झाले असे होत नाही.

ही तक्रार एकट्या चिंतामणरावांची नव्हती. मथाईंचे सांगितलेच. १९५१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदामंत्रिपद सोडले. हिंदू कोड बिलाचे कारण सर्वांना ठाऊक आहे. पण महत्त्वाच्या समित्यांवर आपल्याला घेतले नाही, आणि समित्यांनी आधीच ठरवलेल्या गोष्टींची नोंद करणारी कचेरी असे मंत्रिमंडळाचे रूप झाले आहे, ही व्यथाही त्यांच्या निवेदनात होती. ते निवेदन त्यांना सभागृहात करता आले नाही. वृत्तपत्रांतून ते लोकांपुढे आले. सहा वर्षांत तीन विद्वान मंत्री, तिघांची राजीनाम्याची मुख्य कारणे वेगवेगळी, आणि तरी या एका मुद्द्यावर तिघांचे बोट एकाच जागी पडते. हे नुसत्या मानापमानाचे प्रकरण नव्हे.

सामुदायिक जबाबदारीबरोबर प्रत्येक मंत्र्याची स्वतःची अशीही जबाबदारी असते. तिचा धडा लवकरच मिळाला, आणि तोही चिंतामणरावांच्याच खुर्चीवर. त्यांच्यानंतर अर्थमंत्री झालेल्या कृष्णम्माचारींच्या काळात आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास रकमेचे शेअर घेतले. न्यायमूर्ती चागलांनी उघड चौकशी केली. सचिवाने केले, मला ठाऊक नव्हते, असे मंत्र्याला म्हणता येत नाही, खात्याचे पाप मंत्र्याच्या माथी, असा त्या चौकशीचा निष्कर्ष होता. १९५८ च्या फेब्रुवारीत कृष्णम्माचारी गेले. त्या व्यवहारातही विचारायला हवे होते त्या गुंतवणूक समितीला आधी विचारलेलेच नव्हते. मोठी प्रकरणे उकरत गेले की तळाशी बहुधा न झालेली एक बैठक सापडते.

चिंतामणरावांच्या राजीनाम्याने लगेच काय साधले? मुंबई लगेच मिळाली नाही. १९५६ च्या ऑगस्टमध्ये संसदेत विशाल द्विभाषिकाचा तोडगा निघाला, १ नोव्हेंबरला ते राज्य आले आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. ते यश चळवळीचे, हुतात्म्यांचे आणि १९५७ च्या मतपेटीचे. चिंतामणराव त्या लाटेवर स्वार झाले नाहीत. राजीनाम्याच्या भांडवलावर ते पुढारी होऊ शकले असते. त्याऐवजी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले, इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभारले. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सार्वजनिक जीवनातल्या भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी उच्च न्यायाधिकरण असावे असे त्यांनी सुचवले. नेहरूंना तेही रुचले नाही. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ते उभे राहिले आणि तिसरे आले. निवडणुकीच्या राजकारणात या माणसाला कधी फार बरकत आली नाही.

पण त्यांनी विचारलेला प्रश्न देशाचा पाठलाग करीत राहिला. १९६१ साली केंद्र सरकारच्या कामकाजाचे नवे नियम झाले. कोणता विषय मंत्रिमंडळापुढे यायला हवा, ते त्यांत आहे. मात्र बाराव्या नियमात एक खिडकी ठेवलेली आहे: निकडीच्या वेळी पंतप्रधानाला या नियमांना फाटा देता येतो. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या जाहीरनाम्यावर राष्ट्रपतींची सही झाली. मंत्रिमंडळाची बैठक झाली ती २६ च्या सकाळी. बहुतेक मंत्र्यांना देशातल्या एवढ्या मोठ्या निर्णयाची बातमी झोपेतून उठल्यावर मिळाली. कार्योत्तर मंजुरी मिळाली. ती नाकारली जात नाही, हे आम्हा बँकवाल्यांना माहीत होतेच.

त्यातून देशाने जो धडा घेतला, तो पाहण्यासारखा आहे. राज्यघटनेत कॅबिनेट, म्हणजे मंत्रिमंडळ, हा शब्द मुळात नव्हताच; होती ती मंत्रिपरिषद. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ३५२ व्या अनुच्छेदात तो प्रथम आला. यापुढे आणीबाणी जाहीर करायची तर केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवला गेला पाहिजे, अशी अट घातली गेली. लेखी हा शब्द महत्त्वाचा. चिंतामणरावांनी बावीस वर्षांपूर्वी मुंबईच्या निर्णयाचा अधिकृत मजकूर मागितला होता. घटनेने आता एका विषयापुरता का होईना, तसा मजकूर सक्तीचा केला.

बाराव्या नियमाची खिडकी अर्थात बंद झालेली नाही. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी पहाटे महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठवली गेली, तेव्हा तिचाच उपयोग झाला होता. नियमात आहे म्हणून तो वापरता येतो, हे खरे. पण निकड कोणती आणि सोय कोणती, हे दरवेळी कोणीतरी विचारावे लागते. विरोधकांनी विचारले तर ते राजकारण ठरते. आत बसलेल्या माणसाने विचारले, तर त्याला त्याची किंमत द्यावी लागते. चिंतामणरावांनी ती साठाव्या वर्षी दिली आणि पुन्हा कधी मंत्री झाले नाहीत.

१९८२ च्या २ ऑक्टोबरला हैदराबादला त्यांचे निधन झाले. दुर्गाबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. आणीबाणी, ४४ वी दुरुस्ती, हे सारे त्यांच्या डोळ्यांदेखत झाले.

मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, असे आपण जवळजवळ रोज वाचतो आणि पान उलटतो. तो निर्णय आपल्या सोयीचा असला तर टाळ्या वाजवतो, गैरसोयीचा असला तर चरफडतो. पण तो घेतला कसा, कोण कोण बसले होते, कागद आधी फिरला की नंतर, हे आपण विचारत नाही, कारण ते कारकुनी वाटते. माझ्या मते लोकशाहीतले पुष्कळसे शहाणपण या कारकुनीतच आहे. चूक निर्णय नोंद असली तर दुरुस्त करता येतो. कोणी, का, कशाच्या आधारावर घेतला, ते शोधता येते. नोंद नसलेला निर्णय बरोबर ठरला तर सगळेच त्याचे बाप होतात आणि चुकला तर तो अनाथ होतो. मुंबई महाराष्ट्राला मिळाली. तो हिशेब १९६० साली पुरा झाला. चिंतामणरावांनी मागितलेली दुसरी वही मात्र अजून प्रत्येक सरकारकडे मागत राहावी लागते.